किलोमीटर चोख, तास अंदाजे : विमानप्रवासाचे अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळाचे परीक्षण

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते. गेल्या वर्षी नोव्हेंबरात आईला घेऊन तिच्याकडे जायचे ठरले, तेव्हा तिकिटांच्याही आधी प्रश्न उभा राहिला तो आईच्या इन्सुलिनचा. सकाळचे आणि रात्रीचे इंजेक्शन जेवणाच्या वेळा सांभाळून घ्यावे लागते, म्हणून आमच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या : विमानात एकूण किती तास बसावे लागेल, आणि तिथे उतराल तेव्हा इथे ठाण्यात किती वाजलेले असतील. उत्तरासाठी मी भ्रमणध्वनीवर शोध घेतला आणि ज्या संकेतस्थळावर पोहोचलो, त्याचा पुढे वर्षभर मी स्वतःसाठी, नातेवाइकांसाठी आणि खरे सांगायचे तर नुसत्या हौसेखातरही भरपूर वापर केला. त्या वापरावर हे परीक्षण आधारलेले आहे. संकेतस्थळाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या जातीची अर्धा डझन संकेतस्थळे एकमेकांची सख्खी भावंडे वाटावीत इतकी सारखी आहेत आणि पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांना लागू पडते.

वापर अगदी सोपा आहे. दोन रिकाम्या चौकटींत दोन शहरांची नावे लिहायची. क्षणार्धात त्या दोहोंमधले हवाई अंतर किलोमीटर, मैल आणि सागरी मैल अशा तिन्ही मापांत दिसते, खाली ‘उड्डाणाचा कालावधी’ तासमिनिटांत येतो, त्याखाली दोन्ही शहरांच्या प्रमाणवेळांतला फरक असतो आणि शेवटी नकाशावर एक वाकडी लाल रेघ. पैसे पडत नाहीत, नावनोंदणीही करावी लागत नाही. जाहिराती मात्र इतक्या आहेत, की पहिल्या दिवशी अंतर शोधता शोधता मी दोनदा हॉटेलांच्या यादीत जाऊन पडलो.

आधी अंतराविषयी, कारण तिथे या सेवेला जवळजवळ पूर्ण गुण द्यावे लागतील. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर तिने सुमारे १२,५४० किलोमीटर सांगितले. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घेऊन मी मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणला आणि तो विषुववृत्तावर ठेवून मोजला, तर उत्तर साडेबारा हजारांच्या आसपासच आले. दोऱ्याचा हा खेळ ज्याने केलेला नाही त्याला ती लाल रेघ चुकीची वाटण्याची शक्यता आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या डावीकडे थोडे वर दिसते, त्यामुळे विमान अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर किनारा आणि अटलांटिक असे जात असेल असा आपला समज असतो. रेघ मात्र मुंबईतून निघते ती जवळजवळ उत्तरेकडेच तोंड करून. सौराष्ट्रावरून सिंध आणि बलुचिस्तान, मग कंदाहारच्या आसपासचा प्रदेश, तुर्कमेनिस्तानातले काराकुमचे वाळवंट, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, मॉस्कोला डावीकडे ठेवून सेंट पीटर्सबर्गचा परिसर, तिथून नॉर्वे, आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडच्या टोकाखालून कॅनडातले लॅब्रॅडोर आणि मग वरून खाली न्यूयॉर्क. शाळेच्या भूगोलात शिकवलेले बृहद्‌वृत्त ते हेच. गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग त्यावरून जातो आणि सपाट कागदावर उतरवला की धनुष्यासारखा वाकतो.

दोन वेगवेगळी संकेतस्थळे एकाच जोडीसाठी पाचदहा किलोमीटरचा फरक दाखवतात, त्याने गोंधळून जाण्याचे कारण नाही. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाशी ६,३५७. काही संकेतस्थळे हा चपटेपणा हिशेबात घेतात, काही ६,३७१ ही सरासरी धरून पृथ्वी पूर्ण गोल मानतात. शिवाय कोणी शहराच्या मध्यापासून मोजते, कोणी विमानतळापासून. मी वापरलेली सेवा विमानतळापासून मोजते आणि तेच बरोबर आहे. तिन्ही मापांत मैल आणि सागरी मैल शेजारीशेजारी दिलेले आहेत, तेवढे मात्र जपून वाचावे. सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो, म्हणजे आपल्या ओळखीच्या मैलापेक्षा बराच मोठा, आणि मुंबई–न्यूयॉर्क ७,७९० मैल की ६,७७० असा वाद आमच्या घरात दोन दिवस चालला होता, जेव्हा दोन्ही आकडे बरोबरच होते.

आता तासांकडे येतो. या सेवेचा खरा दोष इथे आहे आणि लोक संकेतस्थळ उघडतात ते बहुतेक वेळा याच आकड्यासाठी.

मुंबई–न्यूयॉर्कचा कालावधी तिने १५ तास १५ मिनिटे असा सांगितला. पंधरा तास पंधरा मिनिटे! इतका नेटका आकडा पाहिला की कुठेतरी वेळापत्रक तपासून लिहिला असावा असे वाटते. मला शंका आली ती मुंबई–लंडनच्या ८ तास ५९ मिनिटांवरून, कारण त्या मार्गावर मी दोनदा गेलो आहे आणि मुंबईहून जाताना वेळापत्रकात साडेनऊ ते दहा तास लिहिलेले असतात हे मला ठाऊक होते. मग दहा जोड्यांचे आकडे एका वहीत उतरवले, प्रत्येक कालावधीतून अर्धा तास वजा केला आणि उरलेल्या वेळेने अंतराला भागले. दहाही वेळा उत्तर आले ताशी ८५० किलोमीटर. म्हणजे ही सेवा अंतराला ८५०ने भागते, चढण्याउतरण्याचा अर्धा तास त्यात मिळवते आणि आलेला आकडा मिनिटांपर्यंत छापून मोकळी होते. हिशेब म्हणून यात गैर काही नाही. लांब पल्ल्याची जेट विमाने हवेत साधारण तेवढ्याच किंवा थोड्या अधिक वेगाने जातात. मात्र त्या आकड्याला ‘उड्डाणाचा कालावधी’ असे ठाम नाव देणे आणि आजूबाजूला ‘अंदाजे’ हा शब्दही नसणे ही वाचणाऱ्याची दिशाभूल आहे.

या भागाकारात काय काय सुटते ते एकेक करून पाहण्यासारखे आहे.

पहिले म्हणजे वारा. संकेतस्थळावर मुंबई–लंडन आणि लंडन–मुंबई या दोहोंना एकच वेळ आहे. प्रत्यक्षात, विमाने ज्या उंचीवरून जातात तिथे मध्य अक्षवृत्तांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहत असतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. पूर्वेकडे येणारे विमान त्यांच्या पाठीवर बसून येते आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला त्यांच्या छातीवरून चढावे लागते. हे किती टोकाला जाऊ शकते याचे एक उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. त्या जोडीला हे संकेतस्थळ ७ तास १ मिनिट सांगते. जमिनीच्या मानाने त्या विमानाचा वेग त्या रात्री ध्वनीपेक्षाही अधिक भरला होता, मात्र भोवतालची हवाच त्याच्यासोबत धावत असल्यामुळे ध्वनीची भिंत वगैरे काही फुटली नाही.

वाऱ्याचा याहून गमतीदार दाखला आपल्याकडचा आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे १२,३८० किलोमीटर. संकेतस्थळाच्या हिशेबाने १५ तास ४ मिनिटे. एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली तेव्हा विमान पश्चिमेकडे अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली आणि विमान पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेले. त्या उड्डाणात सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर कापले गेले, अटलांटिकच्या वाटेपेक्षा जवळपास १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरीही प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर संपला. संकेतस्थळाच्या सरळ रेघेपेक्षा जवळजवळ तीन हजार किलोमीटर अधिक उडूनही ते विमान संकेतस्थळाच्या वेळेच्या अर्धा तास आधी उतरले! ८५०ने भागणाऱ्या यंत्राला हे कधीच सांगता येणार नाही, कारण त्याच्या लेखी लांबची वाट म्हणजे जास्त वेळ.

दुसरे म्हणजे देशांच्या सीमा. वर जी मुंबई–न्यूयॉर्कची रेघ सांगितली ती पुन्हा वाचून पाहावी. तिच्यावर पाकिस्तान आहे, अफगाणिस्तान आहे, रशिया आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि ती बंदी महिन्यामहिन्याने वाढत गेली. मुंबईच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घालून जाता येते, त्यामुळे त्यांना याची झळ त्या मानाने कमी बसते; दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांची वाट मात्र थेट पाकिस्तानावरूनच होती. बालाकोटनंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झाले होते. तेव्हा आणि पुन्हा २०२५ मध्येही दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या थेट विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले. संकेतस्थळाच्या नकाशावर या सगळ्याची साधी नोंदही नाही. रेघ पूर्वी जिथून जात होती तिथूनच आजही जाते.

याचा सर्वांत बोलका नमुना मला दिल्ली–अल्माटी या जोडीत सापडला. अंतर १,६४३ किलोमीटर, कालावधी २ तास २६ मिनिटे, असे संकेतस्थळ खुशाल सांगते. मुंबईहून दिल्लीला जाऊन थोडे पुढे गेल्यासारखेच ते वाटते. मात्र एप्रिल २०२५ च्या अखेरीस पाकिस्तानची हद्द बंद होताच इंडिगोला दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंद या दोन्ही ठिकाणची उड्डाणे थांबवावी लागली, कारण मध्ये हिमालय आणि काराकोरमची भिंत, पश्चिमेला बंद हद्द, आणि दूरचा वळसा घालायचा तर तो त्या विमानांच्या पल्ल्याबाहेर. अडीच तासांवरचे शहर एका रात्रीत पोहोचण्यापलीकडे गेले.

मुंबई–तेल अवीवची गोष्टही मी मुद्दाम तपासली. कोकणातून इस्रायलला गेलेल्या आणि घरात अजून मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांपैकी एक माझ्या आईच्या माहेरच्या शेजारातले. त्यांच्याकडून ‘‘मुंबई तशी जवळ, पण विमान फार हिंडवून नेते’’ हे वाक्य लहानपणी ऐकलेले होते. संकेतस्थळ सांगते ४,०५० किलोमीटरच्या आसपास आणि ५ तास १६ मिनिटे. इस्रायलच्या एल अल कंपनीची मुंबईची विमाने मात्र कित्येक वर्षे तांबड्या समुद्रावरून दक्षिणेला एडनच्या आखातापर्यंत उतरून, अरबी द्वीपकल्पाला पूर्ण वळसा घालून येत असत, कारण सौदी अरेबियाची हद्द त्यांना बंद होती. त्यात सुमारे दोन तास जास्त जात. मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाला दिल्ली–तेल अवीव विमान सौदी हद्दीतून न्यायची परवानगी मिळाली, तेव्हा एल अल आपल्याच सरकारविरुद्ध न्यायालयात गेली, हे त्या दोन तासांची किंमत समजायला पुरेसे आहे. सौदी अरेबियाने जुलै २०२२ मध्ये आणि ओमानने फेब्रुवारी २०२३ मध्ये हद्द सर्वांना खुली केली. म्हणजे त्या कुटुंबाचे म्हणणे इतकी वर्षे खरे होते आणि संकेतस्थळाचे ५ तास १६ मिनिटे खोटे.

तिसरी सुटणारी गोष्ट जमिनीवरची आहे. वेळापत्रकातला कालावधी विमान आपल्या जागेवरून मागे ढकलले जाते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर जागेला लागते तोपर्यंतचा असतो. मुंबई–दिल्ली १,१४० किलोमीटर. संकेतस्थळ १ तास ५० मिनिटे म्हणते आणि तिकिटावर सव्वादोन तास असतात. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी उड्डाणे होऊ शकत नाहीत. गर्दीच्या वेळी रांगेत उभे राहणे आणि उतरताना आकाशात घिरट्या घालणे हे विमान कंपन्या आधीच वेळापत्रकात धरून ठेवतात.

इतके दोष सांगितल्यावर जे मनापासून आवडले तेही सांगतो. ‘मार्गे’ या नावाची एक तिसरी चौकट या सेवेत आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटत असावी, कारण ती जाहिरातीच्या खाली दडलेली आहे. मधले शहर तिथे लिहिले की दोन्ही टप्प्यांचे अंतर आणि बेरीज दिसते. थेट न जाता मध्ये थांबले तर कितीतरी लांबून जावे लागते, असे आमच्या घरातल्या सगळ्यांचे ठाम मत होते. या चौकटीने ते मोडून काढले. मुंबई–लंडन ७,२१० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०, बेरीज १२,७५०. म्हणजे सरळ रेघेपेक्षा जेमतेम २१० किलोमीटर जास्त. दुबईमार्गे १,९३० आणि ११,००० मिळून सुमारे ४०० किलोमीटर जास्त. साडेबारा हजारांत हे काहीच नाही. सिंगापूरमार्गे जाऊ पाहणाऱ्याला मात्र बेरीज १९,२०० च्या वर जाताना दिसेल, आणि काकांच्या कोणा स्नेह्याला स्वस्त मिळालेले तिकीट स्वस्त का होते तेही कळेल. थांब्यामुळे वाढतात ते तास मुख्यतः मधल्या विमानतळावर बसण्याचे असतात, उडण्याचे नव्हेत. आईला सलग सोळा तास बसवण्यापेक्षा मध्ये पाय मोकळे करता यावेत म्हणून आम्ही लंडनमार्गे जायचे ठरवले, तो निर्णय सर्वस्वी या चौकटीच्या जिवावर घेतला होता आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

नेमकी याउलट अडचण अशी, की ज्या दोन शहरांमध्ये थेट विमानच नाही त्यांचाही ‘उड्डाणाचा कालावधी’ ही सेवा तितक्याच आत्मविश्वासाने देते. माझ्या पुण्याच्या मामेभावाची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ शिकते. पुणे–सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर, १६ तास २६ मिनिटे, असे त्याला दिसले आणि ‘‘दादा, सोळा तासांचाच तर प्रश्न आहे’’ असे त्याने मला फोनवर सांगितले. लोहगावच्या धावपट्टीवरून एवढ्या लांबचे, इंधनाने भरलेले मोठे विमान सुटत नाही. मुंबईपर्यंतचा रस्ता, विमानतळावरचे तीन तास आधी पोहोचणे, मधला थांबा आणि तिथले पासपोर्ट तपासणीचे सोपस्कार धरून त्याला दाराशी पोहोचायला एकतीस तास लागले. थेट सेवा आहे की नाही एवढी एक ओळ दाखवणे अवघड नसावे.

नावांच्या बाबतीतही जपून राहावे लागते. ‘हैदराबाद’ लिहिले तर ही सेवा निमूटपणे सिंधमधले हैदराबाद धरत असे आणि मुंबईपासूनचे अंतर भलतेच दाखवी. ‘औरंगाबाद’ लिहिले की बिहारमधले येते आणि छत्रपती संभाजीनगर लिहिले तर काहीच येत नाही. बर्मिंगहॅम इंग्लंडातही आहे आणि अमेरिकेतल्या अलाबामातही. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे तसे कोस्टारिकातही. गोव्याला आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईही सुरू झाले आहे, तेव्हा नुसते शहर लिहून भागत नाही. उपाय एकच : तिकिटावर असलेले विमानतळाचे तीन अक्षरी संक्षिप्त नाव चौकटीत लिहावे, ते मात्र ही सेवा अचूक ओळखते.

मराठी आवृत्तीबद्दल एवढेच, की ती यंत्राने केलेली आहे आणि कोणीही ती वाचून पाहिलेली नाही. सरळ रेषेतल्या अंतराला तिथे ‘कावळा उडतो तसे अंतर’ असे शीर्षक आहे. आपल्याकडे कावळा पिंडाला शिवतो किंवा पाहुणा येणार असे सांगतो. किलोमीटर मोजण्याचे काम त्याला मराठीने अद्याप दिलेले नाही. इंग्रजी आवृत्ती वापरलेली बरी.

आता वेळेच्या फरकाकडे, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. मी ऑक्टोबरात पाहिले तेव्हा मुंबई–न्यूयॉर्क फरक साडेनऊ तास दाखवला होता. त्यावरून मी आईच्या इंजेक्शनांचा तक्ता तयार केला, डॉक्टरांना दाखवला, तिच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलाही. बहिणीला तो भ्रमणध्वनीवर पाठवल्यावर तिचा लगेच फोन आला, ‘‘दादा, तुम्ही याल तेव्हा आमची घड्याळे मागे गेलेली असतील.’’ अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आम्ही नोव्हेंबरच्या मध्यावर जाणार होतो, तेव्हा फरक साडेदहा तासांचा असणार होता. इंग्लंडमधली घड्याळे तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीच मागे जातात, त्यामुळे मधल्या काही दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातलाही नेहमीचा पाच तासांचा फरक चार होतो. संकेतस्थळ फरक दाखवते तो शोध घेतो त्या दिवसाचा. प्रवासाची तारीख ते विचारतच नाही. मुंबईत १९५५ पर्यंत ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली स्वतःची वेगळी वेळ चालत असे आणि वडीलधारी माणसे ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड?’ असा प्रश्न सहज विचारत. तो प्रश्न या सेवेने विचारायला शिकण्यासारखा आहे.

प्रत्यक्ष प्रवासाचे आकडे माझ्या वहीत आहेत ते देतो. जाताना मुंबई–लंडन दार बंद होण्यापासून उघडेपर्यंत १० तास २५ मिनिटे, त्यातली चाळीस मिनिटे मुंबईच्या धावपट्टीच्या रांगेत. लंडन–न्यूयॉर्क ८ तास ५ मिनिटे. संकेतस्थळाची बेरीज बरोबर सोळा तास होती, आमची साडेअठरा भरली. फेब्रुवारीत परतताना न्यूयॉर्क–लंडन ६ तास १० मिनिटांतच आटोपले आणि लंडन–मुंबई ८ तास ५० मिनिटे लागली, म्हणजे तेव्हा आम्ही संकेतस्थळाच्या एक तास पुढे होतो. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा करून दिलेल्या तक्त्यात तासांच्या दोन्ही बाजूंना दोन तासांची मोकळीक ठेवली होती, ती जातानाच्या प्रवासात पूर्ण वापरली गेली.

परत आल्यावर संकेतस्थळावरच्या अभिप्रायाच्या रकान्यात मी चार सूचना लिहून पाठवल्या : कालावधीच्या मागे ‘अंदाजे’ लिहावे आणि जाण्यायेण्याचे वेगळे आकडे द्यावेत, प्रवासाची तारीख विचारावी, थेट विमान आहे की नाही ते सांगावे, आणि हैदराबाद तेलंगणात आणून ठेवावे. सहाव्या दिवशी आभाराचे दोन ओळींचे उत्तर आले. हैदराबाद आता तेलंगणात आहे. मुंबई–न्यूयॉर्क अजूनही १५ तास १५ मिनिटेच आहे, आणि कावळाही जागेवर आहे.